यामनाच्या नावापुढचा अंगठा

१

यामनाच्या वाट्याचे दोन हजार दिरहम कुणीतरी उचलून नेले होते आणि तिच्या नावापुढे अंगठा उमटलेला होता.

सोमवारी ती शाळेत साथीच्या मदतीचं वाटप होतं तिथे गेली, दोन तास रांगेत उभी राहिली. टेबलापाशी पोचली तेव्हा वाटप करणाऱ्या संस्थेचा कारकून तौफिक तिला म्हणाला, तू शनिवारीच घेऊन गेलीस की, आता परत कशाला आलीस? ती भांडली नाही. त्या हिवाळ्यात भांडण्याइतका जीव कुणातच उरला नव्हता. तशीच माझ्याकडे आली आणि उंबऱ्यावर बसली. आत ये म्हटलं तर आलीसुद्धा नाही.

मोरोक्कोतल्या मेक्नेसच्या जुन्या शहरात आमचं हम्माम, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर, आहे. मी तिथे दाराशी बसते. आत अंघोळीला जाणाऱ्या बायकांचे कपडे, बांगड्या, पैशांचे बटवे सगळं माझ्या ताब्यात असतं. चिठ्ठी देत नाही, बिल्ला देत नाही. कुणाचं बोचकं कुठलं ते माझ्या डोक्यात असतं. एकतीस वर्षांत कुणाचं कानातलंसुद्धा हरवलेलं नाही, आणि हे मी फुशारकीनेच सांगते. आत तिघीजणी बायकांचं अंग घासतात : यामना, डोंगरातली इत्तो आणि माझी धाकटी बहीण हद्दा. खाली भट्टी सांभाळायला बा जिलाली. मालक हाज मफद्दल.

साथ आली आणि मार्चात दाराला सरकारी कुलूप लागलं. दहा महिने आम्ही कोरड्या. जानेवारीत साथीच्या निधीतून पैसे आले ते दोन वाटण्यांनी. एक वाटणी काम गेलेल्या हातांना, डोई दोन हजार. दुसरी बंद पडलेल्या धंद्यांना. आमच्या हम्मामाला ती मिळाली तर लाकूड भरता येणार होतं, फुटके नळ बदलता येणार होते, तुंबलेलं पाण्याचं बिल फिटणार होतं आणि दार पुन्हा उघडणार होतं. मात्र धंदा खरोखर बंद ठेवलेला असला पाहिजे, ही अट.

यामनाला घरमालकाने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. पण खोलीपेक्षाही मोठी गोष्ट तौफिकने तिला ऐकवली होती. एकाच वाट्यासाठी दोनदा हात पसरणाऱ्यांची नावं शुक्रवारी दुपारी वरच्या कचेरीत जाणार होती. तिथे नाव गेलं की पुढची मदत बंद, आणि असली बाई हाज मफद्दल परत कामावर कशाला घेईल?

मी तिला विचारलं, खरं सांग, गेली होतीस का?

 ती उठली आणि निघून गेली.

२

मंगळवारी मी तौफिककडे गेले. तिशीतला पोरगा, टाय बांधतो. मला बसायला खुर्ची दिली नाही. मी स्वतःच ओढून घेतली.

त्याने रजिस्टर उघडलं. यामनाच्या ओळीच्या वर एक पट्टी आणि खाली एक पट्टी ठेवली. बाकीच्यांचं मला दिसू नये म्हणून. माणसांची गुपितं राखायची असतात, लल्ला, म्हणाला; लल्ला म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब. एकतीस वर्षं शहरातल्या बायकांची गुपितं राखणाऱ्या मला हे शिकवत होता.

यामनाच्या नावापुढे निळा ठिपका होता. अंगठा, पण सपाट. आत एक रेघ नाही. ओल्या कापडाने पुसल्यासारखा.

"बघ," तौफिक म्हणाला, "असा कोरा अंगठा या शहरात दुसऱ्या कुणाचा असतो? सुताराचा नाही, शिंप्याचा नाही. अंग घासणारीचाच."

यात खोटं काही नव्हतं. अंग घासायचा खरखरीत हातमोजा दिवसभर ओला हातात असतो, वर काळा साबण, वर कढत पाणी. महिना-दोन महिन्यांत बोटांच्या रेघा झिजून जातात. आमच्या बायकांना ओळखपत्र काढायला गेलं की तिथला यंत्रवाला कपाळाला हात लावतो.

बाई कशी होती, विचारलं. मास्क, पायघोळ जेलाबा, डोक्याला रुमाल, सगळ्या तशाच. यादीसोबत आलेल्या ओळखपत्राच्या झेरॉक्सवर चेहऱ्याच्या जागी काळ्या शाईचा गोळा, त्यावरून काय ओळखणार? शनिवारी सकाळी अकराला आली. बोलली कमी, खोकली जास्त, म्हणून त्याने मान वळवूनच तिचा अंगठा धरला आणि दाबला. पण हात लक्षात राहिला होता त्याच्या.

"बोटांची टोकं भिजवलेल्या हरभऱ्यासारखी सुरकुतलेली," म्हणाला. "तुमच्याच हम्मामातला हात. आणखी काय पुरावा पाहिजे?"

मग हळूच म्हणाला की दाराशी बसणारीही तिथलीच असते, पण तिच्यावर आम्ही संशय घेत नाही. हे बोलताना तो माझ्या हातांकडे बघत होता.

मी दोन्ही पंजे त्याच्या नाकासमोर धरले. माझ्या रेघा जागच्या जागी आहेत, मोजून घे म्हटलं. त्याने मोजल्या नाहीत.

बाहेर पडले तेव्हा मनात एकच होतं : यामना खोटं बोलते आहे. आणि तिला मी या कामावर लावलेली होती.

३

बुधवारी मी तिच्या खोलीवर गेले ती तिच्याकडून कबूल करून घ्यायलाच.

खोली रिकामी झालेली दिसली. रेडिओ नाही, जाड गालिचा नाही. तिचा मुलगा स्पेनमध्ये असतो, दर महिन्याला पैसे पाठवतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. मी म्हटलं, मुलगा असताना गालिचा का विकलास? तर हसली. तो मार्चपासून स्वतःच मशिदीतल्या जेवणावर दिवस काढतोय म्हणाली. हे तिने दहा महिने कुणाला सांगितलं नव्हतं. गल्लीतल्या बायका तिला अजून स्पेनवाली म्हणत होत्या आणि ती म्हणू देत होती.

मी तयारी करून गेलेली वाक्यं बाजूला ठेवली. तिने चहा केला, घरात होतं तेवढं तेल घालून मसेमेनची एक घडीची पोळी भाजली आणि अर्धी करून माझ्यापुढे ठेवली. आम्ही खाल्लं.  मग मीच उठून पेले विसळायला घेतले, कारण तिचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट.

तिचा पेला उचलला आणि खिडकीपाशी थांबले. काचेवर तेलाच्या बोटाने उमटलेला अंगठा होता. त्यात रेघा होत्या. बारीक, एकीत एक शिरलेल्या, झाडाच्या खोडासारख्या.

मी तिला बोलावलं, हात पुढे कर म्हटलं. उजेडात धरून पाहिला. रेघा परत आल्या होत्या.

आणि मग मला माझी अक्कल कुठे चरायला गेली होती ते कळलं. मी स्वतः बारा वर्षं अंग घासलेलं आहे. एकदा भट्टीची कमान पडली, दोन महिने हम्माम बंद राहिलं, तेव्हा माझ्याही बोटांवर रेघा फुटल्या होत्या. नवी कातडी, कोवळी, पहिल्या आठवड्यात तर चटका बसत होता. हातांना विश्रांती मिळाली की त्या परत येतात. आणि यामनाच्या हातांना दहा महिने विश्रांती होती.

तौफिकच्या डोक्यात हम्मामवाली म्हणजे कोरा अंगठा, सुरकुतलेली टोकं. माझ्याही डोक्यात तेच बसलेलं. हम्माम बंद आहे, हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

ज्या हाताने शनिवारी अंगठा दिला तो हात अजूनही कामात होता. आणि बोटांची टोकं सुरकुतलेली होती, म्हणजे त्याच सकाळी, तासाभरापूर्वी, तो हात कढत पाण्यातून निघाला होता.

प्रश्न एवढाच की शनिवारी सकाळी या शहरात इतकं कढत पाणी होतं कुठे?

४

त्याचं उत्तर मला मांजरांनी दिलं.

गुरुवारी सकाळी हम्मामाच्या मागच्या बोळातून गेले. थंडी अशी की दगडाला हात लावला तर ओढून घ्यावा. आणि भट्टीच्या भिंतीला खेटून सात मांजरं पसरलेली, एक तर पोट वर करून. मी भिंतीला तळवा लावला. ऊब होती.

लाकडांच्या खोपटात बा जिलाली बसला होता. मला बघून त्याने टोपी खाली ओढली, पण भुवया जळलेल्या मला दिसल्याच. मी विचारलं, भट्टी बंद असताना भुवया कशाने जळल्या? म्हणाला, घरी शेगडीवर. मी म्हटलं, तुझी बायको तुला शेगडीजवळ फिरकू देते हे मला नवीनच कळलं.

 राखेत काडी फिरवत त्याने सगळं सांगितलं. नोव्हेंबरपासून हाज मफद्दल मागच्या दाराने लहान खोली तापवतो आहे. आठवड्यातून तीन सकाळी. मोठ्या घरच्या बायका येतात, एका अंगाचे दीडशे देतात. पुढच्या दाराला सरकारी कुलूप जसंच्या तसं. बा जिलालीला रोज पन्नास मिळतात आणि बायको आजारी आहे.

"लल्ला, मी नाही म्हणायला हवं होतं," तो म्हणाला. "पण मला कुणी विचारलंच कुठे होतं?"

आत अंग घासायला कोण असतं, मी विचारलं. इत्तो डोंगरात, यामना नाही. मला उत्तर माहीत होतं. तरी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

त्याने नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाला, तुझ्या घरी जेवायला येते तिलाच विचार.

५

हद्दा माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा मी तिला गावाहून पाठीशी बांधल्यासारखी घेऊन आले, मोजा घालून अंग घासायला शिकवलं, लग्न लावून दिलं, नवरा पळाला तेव्हा परत घेतली. हल्ली मावशी आजारी आहे म्हणून ती सकाळची तिकडे बसायला जाते, असं सांगायची. मी मावशीला डाळीचा डबासुद्धा पाठवत होते तिच्या हाती.

तिच्याकडे जाण्याआधी मला हाज मफद्दलने गाठलं. जिलालीने सांगितलं असणार. दुकानाच्या ओट्यावर बसवून त्याने माझ्यासाठी बदामाचा चहा मागवला. दहा महिन्यांत पहिल्यांदाच त्याला मी दिसले होते. म्हणाला, बंद धंद्याची मदत पुढच्या महिन्यात येणार आहे. मागच्या दाराची गोष्ट बाहेर गेली की ती मदत गेली. नळ नाही, लाकूड नाही, हम्माम कायमचं बंद. मग तू दाराशी बसून कुणाचे कपडे सांभाळशील, लल्ला? आणि तुझ्या यामनाला तरी कुठलं काम मिळेल?

चहा मी प्यायले नाही. पण माणूस खोटं बोलत नव्हता, हे मला तेव्हाच कळलं.

यामनाला सोडवायचं तर सांगावं लागणार, कुणाचेतरी हात चालू होते. हात चालू होते म्हटलं की हम्माम चालू होतं. हम्माम चालू होतं म्हटलं की यामनाचं नाव धुतलं जाईल आणि तिचं काम बुडेल.

हद्दा घरी होती, मसूर निवडत. मी तिचा हात धरला, उलटा केला, खिडकीकडे नेला. अंगठा पाटीसारखा गुळगुळीत. तिने हात सोडवून घेतला नाही.

"शनिवारी अकराला," मी म्हटलं. "आमच्या बायकांना वाटपाचा निरोप शनिवारी दुपारी आला. तुला सकाळीच कसं कळलं?"

हद्दा मसुराकडे बघत बोलली. शनिवारी तिने तौफिकच्या आईला घासलं होतं. बत्तूलबाई दर शनिवारी येते. पाठ घासून घेताना मुलाचं कौतुक चाललेलं : आज माझा लेक शाळेत पैसे वाटतोय, हम्मामवाल्यांची यादीही आलीय, पण अजून त्यांना निरोपसुद्धा दिलेला नाही, बघ किती काम त्याला. बाई कपडे घालत होत्या तोवर हद्दा मागच्या दाराने निघाली होती. आईला घासलेला हात तिने लेकाच्याच टेबलावर ठेवला. रविवारी स्वतःचा वाटा घ्यायला पुन्हा गेली, तेव्हाही त्याने ओळखली नाही.

हाज तिला एका अंगाचे दहा द्यायचा. बाकीचे हम्माम उघडल्यावर देतो म्हणायचा. तिच्यावर वाण्याची उधारी होती.

"पण यामनाचेच का?" मी विचारलं.

"तिला स्पेनहून येतात ना," हद्दा म्हणाली. "मला वाटलं, दोन हजारांसाठी ती रांगेत उभीसुद्धा राहणार नाही."

मी तिला गालिच्याचं सांगितलं. मुलाचं सांगितलं. तिच्या हातातलं ताट हळूहळू कलंडलं आणि मसूर जमिनीवर पसरले. आम्ही दोघी बघत बसलो. उचलायला कुणी वाकलं नाही.

यामनाच्या पैशांपैकी बाराशे उरले होते.

६

शुक्रवारी नमाजाच्या आधी आम्ही तिघी तौफिकच्या टेबलापुढे उभ्या होतो. यामनाला मी वाटेत सगळं सांगितलं होतं. त्यानंतर ती हद्दाच्या बाजूने चालली नाही, माझ्या दुसऱ्या बाजूला आली.

तौफिकने वरच्या कचेरीचं पाकीट बंद करायला घेतलं होतं. मी म्हटलं, थांब, शाई काढ. यामनाने कोऱ्या कागदावर अंगठा दिला. रेघा उमटल्या, एकूण एक. मग मी म्हटलं, आता त्या दोन पट्ट्या उचल. तो नको म्हणत होता तोवर मीच उचलल्या. खालच्या ओळीत इत्तोचा अंगठा, रविवारी वाट्यापुरती डोंगरातून उतरली होती तेव्हाचा, तोही अंग घासणारीचा, पण रेघांनी भरलेला. त्याखाली हद्दाचा. कोरा. यामनाच्या नावापुढे होता तसाच.

तौफिक तिन्ही ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिला. पोरगा अगदीच मठ्ठ नव्हता, त्याला मठ्ठ राहायची सवय लागली होती एवढंच.

हद्दाने स्वतःहून हात पुढे केला आणि म्हणाली, माझा आहे. बाराशे टेबलावर ठेवले. आठशे मी ठेवले, माझ्या वाट्यातले. आदल्या संध्याकाळी मी यामनासाठी काय करायचं याचा शंभरदा विचार केला होता आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न आडवा आला होता. तो आता तौफिकने विचारला.

"हिच्या अंगठ्यावर रेघा का नाही आल्या? हम्माम तर दहा महिने बंद आहे. बंद आहे ना, लल्ला?"

खोटं बोलायचं नव्हतं मला. या वयात नवी सवय कशाला लावून घ्यायची! मी म्हटलं, बाळ, उत्तर मी देईन आणि तू ते तुझ्या हाताने कागदावर लिहायचं. पण आधी घरी जा आणि आईला विचार, शनिवारी सकाळी ती कुठे असते. तिची पाठ बघ, टाचा बघ. दहा महिने हम्माम न मिळालेल्या बाईच्या टाचा कशा असतात ते मी तुला माझ्या दाखवते हव्या तर.

तो घरी गेला नाही. तिथेच बसला. चेहऱ्यावरचा रंग आधी गेला, मग जास्तच आला. आई शनिवारी सकाळी बहिणीकडे जाते असं त्याला सांगत होती, आणि मागच्या महिन्यात परत आल्यावर तिच्या अंगाला काळ्या साबणाचा वास येतो म्हणून त्यानेच तिला चिडवलं होतं, हे तो पुटपुटला. आम्हाला उद्देशून नव्हे.

बांग झाली. तौफिकने पाकीट उघडलं, त्यातून यामनाच्या नावाचा कागद काढला, चार तुकडे केले. रजिस्टरात लिहिलं : अंगठा चुकीच्या ओळीत पडला, रक्कम हद्दाने परत केली, योग्य व्यक्तीस दिली. यामनाचा अंगठा नव्याने घेतला. पुढच्या वाटपातून हद्दाचं नाव खोडलं. मागच्या दाराबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

यामनाने नोटा मोजल्या नाहीत. ओढणीच्या गाठीत बांधल्या आणि आमच्याआधी बाहेर पडली.

त्याच दुपारी तौफिक हाज मफद्दलच्या दुकानात गेला होता, हे मला नंतर कळलं. दोघं काय बोलले माहीत नाही. मागच्या दाराला आतून विटा लागल्या आणि हद्दाचे राहिलेले पैसे एका पाकिटातून माझ्याकडे आले. त्यातले आठशे मी ठेवून घेतले. बाकीचे वाण्याला दिले, तिच्या हातात नाही. मी तिच्याशी बोलत होते, पण कामापुरतं.

तुम्ही म्हणाल, हाज सुटला. सुटला. बत्तूलबाई सुटल्या, त्यांचा लेक सुटला. मी सगळ्यांना धरायला निघाले असते तर धरलंही असतं, आणि मग उघडायला दार राहिलं नसतं. मी दमले होते. ज्या बाईचं नाव विनाकारण गेलं होतं तिचं परत आणायचं, एवढ्यासाठीच मी निघाले होते.

७

मदत दोन महिने उशिरा, एप्रिलात आली, हम्माम मे महिन्यात उघडलं. पहिल्या दिवशी गिऱ्हाईकं यायच्या आधी घासणाऱ्या बायका एकमेकींना अंघोळ घालतात. आमच्याकडची जुनी रीत आहे. बंद पडलेलं हम्माम तसंच सुरू करतात. पाठ कुणालाच स्वतःची स्वतः घासता येत नाही.

इत्तो अजून डोंगरातून उतरली नव्हती. आत दोघीच होत्या.

मी दाराशी माझ्या जागेवर बसले होते. आतलं दिसत नाही तिथून, ऐकू येतं. आधी नुसता पाण्याचा आवाज. मला वाटलं, यामना मोजा टाकून बाहेर येईल. मी तिचे कपडे उचलून हातात घेऊन ठेवले.

मग ती आतून हद्दाला म्हणाली, "पालथी हो."

आणि खरखरीत मोज्याचा आवाज सुरू झाला. यामना हळू घासत नव्हती. हद्दा एकदा कण्हली, दुसऱ्यांदा कण्हली नाही. यामनाने पाठ घासली, खांदे घासले, टाचा घासल्या, नेहमीएवढाच वेळ घेतला आणि काही सोडलं नाही. 

मग मोजा दगडावर आपटल्याचा आवाज आला आणि यामना म्हणाली, "ऊठ. आता माझी."